एमआरआय बघून ठरवायचं की पाय बघून?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढलंय): वय ४८, शाळेत शिकवतात. कंबर सहा-सात वर्षांपासून दुखते, पण गेल्या वर्षभरात उजव्या पायात कळ जायला लागलीय, कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या बाजूने पोटरीपर्यंत, कधीकधी पावलावर मुंग्या. फळ्यापाशी दहा मिनिटं उभं राहिलं की पाय जड होतो, मग टेबलाच्या खालच्या आडव्या पट्टीवर पाय टेकवून, जरा वाकून उभ्या राहतात तेव्हा बरं वाटतं. एमआरआयमध्ये कंबरेचा चौथा मणका (एल-४) पाचव्यावर (एल-५) थोडा पुढे सरकलेला दिसतोय (ग्रेड वन, म्हणजे सरकण्याची सगळ्यात सौम्य पायरी), तिथे नस दबलीय, आणि त्याखालची, एल-५ आणि माकडहाडाच्या वरचं हाड (एस-१) यांच्यामधली गादी झिजलीय. एका सर्जननी स्क्रू-रॉड टाकून दोन्ही लेव्हलचं (म्हणजे दोन्ही सांध्यांचं) फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना जोडून टाकणं, सांगितलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीखही दिली. दुसऱ्यांनी सांगितलं, फक्त नस मोकळी करू, स्क्रूची गरज नाही. नवरा म्हणतो एकदाचं करून टाक आणि मोकळी हो. मोठी बहीण म्हणते मणक्याला हात लावू देऊ नकोस, कायमची अंथरुणाला खिळशील. "गोळ्या झाल्या, पट्टा झाला, फिजिओ झाला. सगळं करून झालंय, आता ऑपरेशनच उरलं ना? दोघांपैकी खरं कोण बोलतंय? आणि नाही केलं तर पाय जाईल का?"

ताई,

ते पट्टीवर पाय टेकवून वाकून उभं राहण्याचं तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण मला तुमच्या अख्ख्या एमआरआय रिपोर्टपेक्षा ते जास्त बोलकं वाटलं. पुढे वाकलं की कण्याच्या आतली नसांची वाट थोडी रुंद होते आणि ताठ उभं राहिलं की ती अरुंद होते, त्यामुळे जिथे खरंच नस दबलेली असते तिथे माणूस नकळत वाकायची जागा शोधतो, कुणी चालताना काठीवर ओणवं होतं, कुणी कठड्यावर कोपरं टेकतं, तुम्ही टेबलाची पट्टी शोधली. म्हणजे तुमच्या पायाच्या दुखण्याची आणि एल-४ एल-५ च्या चित्राची गोष्ट जुळतेय. हे आधी सांगतेय कारण पुढे मी बऱ्याच गोष्टींवर शंका घेणार आहे आणि तुम्हाला वाटू नये की मी तुमचं दुखणंच खोटं ठरवतेय. आणि मी सर्जन नाही, तुमच्या फिल्म मी बघितलेल्या नाहीत, त्यामुळे करा किंवा करू नका असा निकाल मी देणार नाहीये, प्रश्न नीट मांडायला मात्र नक्की मदत करू शकते.

तर पहिली गोष्ट. तुम्ही पूर्ण पत्रात "माझं दुखणं" असं एकच दुखणं धरून चालला आहात. मला त्यात दोन दिसतात. एक कंबरेचं, सहा-सात वर्षांचं, कमीजास्त होणारं. दुसरं पायातलं, वर्षभराचं, उभं राहिलं की येणारं आणि बसलं-वाकलं की जाणारं. ही दोन वेगळी केल्याशिवाय ऑपरेशनचा विचारच करता येत नाही, कारण ऑपरेशनचा गुण या दोघांना सारखा येत नाही. नस दाबली गेल्याने पायात जाणारी कळ, नस मोकळी केली की बऱ्याच लोकांची चांगली कमी होते. नुसती कंबरदुखी, विशेषतः गादी झिजलीय एवढंच ज्याचं कारण दाखवलं जातं ती, तिचा काही भरवसा नाही.

आणि फ्यूजन म्हणजे काय हे पण एकदा सरळ बघू, कारण बहुतेकांच्या डोक्यात "स्क्रू टाकून मणका पक्का करतात" एवढंच असतं. स्क्रू आणि रॉड हे फक्त धरून ठेवण्यापुरते असतात. खरं काम हाडाचं. दोन मणक्यांच्या मध्ये हाडाचे तुकडे भरतात, बऱ्याचदा गादी काढून तिथे एक छोटा पिंजरा बसवतात, आणि मग सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त वेळ घेत ते दोन मणके जुळून एकच हाड होतं. बिजागरीला वेल्डिंग करून टाकावं तसं. म्हणजे फ्यूजनने एकच गोष्ट होते, दोन मणक्यांमधली हालचाल थांबते. तुमचं दुखणं त्या हालचालीतून येत असेल तर फायदा, दुसरीकडून येत असेल तर अगदी सुंदर जुळलेलं हाड एक्स-रेत दिसतं आणि पेशंट तरी दुखतंच म्हणतो, आणि हे घडतं, क्वचित नाही घडत.

हे ऑपरेशन सुरू झालं १९११ मध्ये, हिब्ज आणि अल्बी या न्यूयॉर्कच्या दोन सर्जननी वेगवेगळं केलं, आणि ते होतं मुख्यतः क्षयाने ढासळत चाललेल्या कण्यासाठी. तिथे हालचाल थांबवणं हाच उपाय होता. फ्रॅक्चर, खूप सरकलेला मणका, गाठीने किंवा इन्फेक्शनने पोखरलेलं हाड, वाढत जाणारा बाक, अशा ठिकाणी आजही फ्यूजनबद्दल फार वाद नाही. वाद सुरू होतो तो "गादी झिजली" या शब्दापाशी.

आता तो शब्द घेऊया. तुम्ही रिपोर्टमधल्या प्रत्येक ओळीला आजार समजताय. १९९४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, ज्यांना पाठीचं काहीच दुखणं नाही अशा ९८ लोकांचे एमआरआय काढले, आणि त्यातल्या जेमतेम ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या नॉर्मल निघाल्या. निम्म्याहून जास्त लोकांची कुठली तरी गादी फुगलेली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता! वय वाढेल तशा गाद्या वाळतात, केस पिकतात तितक्याच नेमाने. त्यामुळे तुमच्या एल-५ एस-१ च्या झिजलेल्या गादीकडे मी जरा संशयाने बघेन. पायाच्या दुखण्याचा गुन्हेगार वरच्या लेव्हलला सापडलेला असताना खालचीला पण त्याच खटल्यात का ओढायचं, हा पहिल्या सर्जनना विचारायचा अगदी रास्त प्रश्न आहे. त्यांच्याकडे चांगलं उत्तर असूही शकतं, तिथेही नस दबत असेल, किंवा तिथेही हालचाल जास्त दिसली असेल. पण "हात लावतोच आहोत तर दोन्ही करून टाकू" हे उत्तर नाही. दोन लेव्हल म्हणजे मोठं ऑपरेशन, हाड जुळायच्या जागा दुप्पट, म्हणजे न जुळण्याची शक्यताही जास्त, आणि वरच्या मणक्यावर येणारा ताणही जास्त. फ्यूजन केलेल्या जागेच्या शेजारची लेव्हल काही वर्षांनी त्रास द्यायला लागते असं बऱ्याच जणांत दिसतं. त्यातलं किती ऑपरेशनमुळे आणि किती वयामुळे यावर तज्ज्ञांत एकमत नाहीये, पण जोडलेल्या लेव्हल जितक्या जास्त तितकी काळजी जास्त, याबद्दल फारसं दुमत नाही.

दुसरं, खरं कोण बोलतंय. ताई, दोघंही खरं बोलत असतील. हे ऐकून चिडचिड होईल, पण तुमच्यासारख्या केसमध्ये, म्हणजे थोडा सरकलेला मणका आणि दबलेली नस, जाणकारांतच दोन तट आहेत आणि दोघांच्या हातात पुरावा आहे. २०१६ मध्ये एकाच जर्नलच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनच्या अभ्यासात २४७ लोक होते, काहींचा मणका सरकलेला, काहींचा नाही, काहींची नुसती नस मोकळी केली आणि काहींचं त्यासोबत फ्यूजनही केलं, दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. अमेरिकेच्या अभ्यासात ६६ लोक, सगळे ग्रेड वन सरकलेले, तिथे फ्यूजनवाल्यांची तब्येत थोडी बरी दिसली आणि नुसती नस मोकळी केलेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला पुढच्या चार वर्षांत परत ऑपरेशन लागलं, फ्यूजनवाल्यांत ते प्रमाण १४ टक्के होतं. मग २०२१ ला नॉर्वेचा अभ्यास आला, २६७ लोक, सगळे सरकलेल्या मणक्याचे, आणि त्यात नुसती नस मोकळी करणं फ्यूजनपेक्षा कमी पडलं नाही. परत ऑपरेशन लागायचं प्रमाण तिथे अनुक्रमे साडेबारा आणि नऊ टक्के, म्हणजे फार फरक नाही. आता सांगा, यातला कुठला अभ्यास वाचून तुमचा सर्जन घडलाय त्यावर त्याचं मत ठरणार की नाही?

त्यामुळे "कोण बरोबर" यापेक्षा "माझा मणका हलतो का" हा प्रश्न विचारा. सरकलेला असणं वेगळं आणि सरकत असणं वेगळं. एमआरआय झोपवून काढतात, त्यात मणका निवांत असतो, त्यामुळे तो उभं राहिल्यावर काय करतो ते त्यात कळत नाही. त्यासाठी उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून साधे एक्स-रे काढतात. तुमच्या पत्रात अशा एक्स-रेचा उल्लेख नाही. काढले असतील आणि लिहायचं राहिलं असेल तर ठीक, पण काढलेच नसतील तर फ्यूजनची तारीख घेण्याआधी ते व्हायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. मणका वाकताना चांगलाच पुढेमागे होत असेल तर स्क्रूवाल्या सर्जनचं पारडं जड होतं. जागेवर घट्ट बसलेला असेल, गादीची उंची कमी होऊन आपोआप ताठरलेला असेल, तर दुसऱ्यांचं.

नुसती कंबर दुखणाऱ्यांसाठी पण इथेच लिहून टाकते, कारण तशी पत्रंही खूप येतात. पायात काही नाही, मणका सरकलेला नाही, फक्त कंबर आणि रिपोर्टमध्ये झिजलेली गादी, अशांसाठी फ्यूजन सुचवलं असेल तर खूप सावकाश घ्या. २००१ च्या स्वीडिश अभ्यासात (२९४ लोक) फ्यूजन साध्या फिजिओपेक्षा सरस ठरलं होतं खरं, पण २००५ मध्ये ब्रिटनमध्ये ३४९ लोकांत त्याची तुलना नीट आखलेल्या, जोरकस व्यायामाच्या कार्यक्रमाशी केली तेव्हा फ्यूजनचा ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे सगळी गोम समोर काय ठेवलं त्यात आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या गाइडलाइनने तर नुसत्या कंबरदुखीसाठी, संशोधनाचा भाग असल्याशिवाय, फ्यूजन देऊच नका असं म्हटलंय.

यावरून मी तुमच्या "सगळं करून झालंय" वर येते. तुम्ही लिहिलंय फिजिओ झाला. काय झालं त्यात? कारण बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो दहा दिवस मशीनचा शेक, करंट, ट्रॅक्शन आणि घरी करायला दिलेला व्यायामाचा कागद. तो फिजिओ माझ्या हिशेबात अर्धाच. तुमच्यासारख्या दुखण्यात पुढे वाकण्याच्या बाजूचे व्यायाम, पोटाचे आणि कुल्ल्याचे स्नायू, स्थिर सायकल (वाकून बसायचं असल्याने ती बऱ्याच जणांना चालण्यापेक्षा सोसते), हे कुणाच्या तरी नजरेखाली दोनअडीच महिने, हळूहळू वाढवत. आणि पट्टा सदासर्वकाळ नाही. त्याच काळात एकदा नसेपाशी इंजेक्शन घ्यायचं का हे विचारा. त्याचा आराम पुष्कळदा काही आठवड्यांचाच असतो, पण त्यातून माहिती मिळते, इंजेक्शननंतर पाय शांत झाला आणि कंबर तशीच राहिली तर ऑपरेशननंतर काय होऊ शकतं याचा थोडा अंदाज येतो. पक्का नाही, अंदाज.

हे सगळं करूनही पाय तसाच राहिला, तर ऑपरेशन करणं हा पराभव नाही. मला असं वाटतं की लोक एकतर घाईने करतात किंवा भीतीने पाच वर्षं खुरडत काढतात, आणि दुसऱ्या गटाबद्दल कुणी लिहीत नाही. तुमच्या बहिणीची भीती मला कळते, प्रत्येक ओळखीत एखादी अशी गोष्ट असतेच, पण "मणक्याला हात लावला की अंथरूण" हे खरं नाही. बहुतेक पेशंट ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आधार घेऊन चालतात. इन्फेक्शन, नसेवरचं आवरण फाटणं, नसेला इजा, रक्ताची गुठळी, हाड न जुळणं, स्क्रू सैल होणं, हे धोके आहेत आणि ते तुमच्या वयाला, तुमच्या शुगरला, तुमच्या हाडांना धरून किती आहेत ते सर्जननी तुम्हाला सांगायला हवं, "काही होत नाही हो" असं नाही.

आणि पाय जाईल का? ग्रेड वनमध्ये अचानक पाय लुळा पडणं हे नेहमीचं चित्र नाही, बहुतेकांचं दुखणं वर्षानुवर्षं कमीजास्त होत राहतं. म्हणून तुमच्यासाठी तीन आठवड्यांची ती तारीख काही शेवटची गाडी नाही. पण इथे एक कडक अट आहे आणि ती सगळ्यांनीच नीट वाचा. लघवी अडकायला लागली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिरपणा आला, किंवा दोन्ही पायांतली ताकद भराभर कमी व्हायला लागली, तर त्याच दिवशी, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि हळू होणारी गोष्ट, आठवड्यातून एकदा टाचांवर चालून बघा, पायाचा अंगठा वर उचलून दुसऱ्याला दाबायला सांगा. उजवा डाव्यापेक्षा कमजोर होत चालला असेल, चप्पल पायातून निसटत असेल, चालताना पाऊल आपटत असेल, तर अडीच महिने व्यायामाचा माझा सल्ला रद्द, सर्जनकडे जा. दुखणं सोसता येतं, पण गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

नवऱ्याच्या "करून टाक आणि मोकळी हो" बद्दल. प्रेमाने म्हणत असतील, पण मोकळी कधी, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. फ्यूजन झालं तर पहिले सहा ते बारा आठवडे वाकणं, वजन उचलणं, कंबर पिळणं बंद, बसून करायचं काम महिना-दीड महिन्यात जमू शकतं, पण उभं राहून दिवसभर शिकवणं त्याहून पुढे, आणि हाड जुळलंय की नाही ते कळायला वर्षाचा हिशेब. नुसती नस मोकळी केली तर हे बरंच लवकर. या काळात बादली कोण उचलणार, जमिनीवर पडलेलं कोण वेचणार, तुमच्या घरात आत्ता ते सगळं कोण करतं हे पत्रात नाही पण मला अंदाज आहे. पुढच्या वेळी सर्जनकडे जाताना त्यांना सोबत न्या आणि हा भाग त्यांच्यासमोरच विचारा.

त्याच भेटीत विचारायचं बाकीचं सांगते, कागदावर लिहून न्या कारण आत गेलं की सगळं विसरायला होतं. हे ऑपरेशन माझ्या पायासाठी आहे की कंबरेसाठी, आणि कंबरेबद्दल तुम्ही मला काय कबूल करताय? माझा मणका हलतो हे कुठल्या एक्स-रेवर दिसतंय, मला दाखवा. खालची लेव्हल का घ्यायची, नाही घेतली तर काय होईल? फक्त नस मोकळी केली आणि पुढे परत दुखलं, तर तेव्हा फ्यूजन करता येईल का? (सहसा येतं. उलटं मात्र नाही, जुळलेलं हाड परत सोडवून पूर्वीसारखं होत नाही, आणि माझ्या मते दोघांचं पारडं अगदी सारखं असेल तर हा मुद्दा लहान ऑपरेशनच्या बाजूने जातो.) तुमच्या हातून अशी किती ऑपरेशन झालीत आणि वर्षभराने ते पेशंट काय करू शकतात? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा, चांगला सर्जन चिडत नाही. आणि दुर्बिणीतून करतो, छोट्या छेदातून करतो यावर फार भाळू नका. त्यात रक्त कमी जातं, पहिले काही दिवस सोपे जातात हे खरं, पण करायलाच हवं होतं का या प्रश्नाचं उत्तर छेदाच्या लांबीत नसतं.

फ्यूजनच ठरलं तर तयारी आजपासून. तुम्ही तंबाखूबद्दल काही लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते, सिगारेट असो की तोंडात ठेवायची तंबाखू, निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा होतो, महिना-दीड महिना आधीपासून बंद आणि नंतरही बंद. शुगर असेल तर आटोक्यात आणून मगच टेबलवर जायचं. तुमचं वय पाळी जाण्याच्या आसपासचं आहे, तेव्हा हाडांची घनता आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या, कारण भुसभुशीत हाडात स्क्रू धरत नाही. आणि झोप, काळजी, उदास वाटणं, याबद्दलही डॉक्टरांशी बोला. "मग काय, सगळं मनाचंच म्हणणार" असं तुम्हाला वाटेल, तसं नाहीये. उपचार न झालेलं डिप्रेशन असलं की ऑपरेशनचा गुण कमी येतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, म्हणून तेही शुगरसारखंच आधी बघायचं.

आत्तापुरतं असं करा. टाचांवर चालणं ठीक असेल, लघवीचं काही नसेल, तर पहिल्या सर्जनच्या ऑफिसला फोन करून "मला उभ्याने वाकून काढायचे एक्स-रे आणि अजून एक मत घ्यायचंय, तारीख पुढे ढकला" एवढं सांगा, कारण द्यायची गरज नाही, आणि तिसरं मत अशा सर्जनकडे घ्या ज्यांना पहिल्या दोघांनी काय सांगितलं ते तुम्ही शेवटी सांगाल, आधी नाही. मधल्या काळात वर्गात एक उंच स्टूल मागून घ्या, टेकून बसून शिकवता येईल असं. किती मिनिटं उभं राहता आलं ते रोज वहीत टिपा, कंबर आणि पाय वेगवेगळ्या रकान्यात. दोन महिन्यांनी ती वही घेऊन जाल तेव्हा सर्जनना एमआरआयमध्ये न दिसणारं बरंच काही त्यात सापडेल.